शेतकऱ्यानें सुरी कशी पारखून घ्यावी

नांगर, वखर किंवा तिफण घ्यावयाची झाल्यास आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. बैल घ्यावयाचा तर त्याचे दांत मोजतों. परंतु जी वस्तु दिवसांतून दहा वेळां हातीं धरावी लागते, ती सुरी मात्र पात्याची चकाकी पाहून विकत घेतों. या हयगयीचें मोल काय पडतें हें मीं स्वतः अनुभविलें असल्यामुळें प्रस्तुत लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

मी महसूल खात्यांत कारकून होतों. निवृत्त झाल्यावर घरची शेती पाहूं लागलों, त्या वर्षीं हौसेनें एक सुरी घेतली. पातें लांब, पाठीवर करवतीसारखे दांते, मूठ धातूची व पोकळ. तींत आगकाड्या, गळ व सुईदोरा ठेवण्याची सोय, आणि टोपणावर होकायंत्र. अरण्यांत एकट्या मनुष्यास एवढी वस्तु पुरे, असें विकणारानें सांगितलें व मला तें पटलें.

पुढें मृगाच्या पावसानंतर एके दिवशीं आमचा बैल नाल्याच्या ओल्या कांठावरून घसरला. त्याचें दावें बाभळीच्या खुंटाला अडकलें व गळ्याला फास बसला. जनावराचे डोळे पांढरे होऊं लागले. सालदारानें दोन्ही हातांनीं दावें धरून ढील देण्याची खटपट चालविली आणि मीं ती सुरी काढून दोर कापावयास घेतला. दुसऱ्याच ओढीस पातें मुठींतून निसटलें व सालदाराच्या डाव्या तळहातांत शिरलें. रक्त वाहत असतांच "मालक, बाजूला व्हा जी," असें म्हणून त्यानें उजव्या हातानें कमरेचा विळा काढला आणि दोन हिसक्यांत दोर तोडला. बैल वांचला, पण सालदाराच्या हाताला सात टांके पडले व ऐन पेरणींत तीन आठवडे तो हात कामाचा राहिला नाहीं. मीं त्याच्या सालांतून पैसा कापला नाहीं, हें खरें. तथापि माझ्या हौसेचें मोल त्याच्या हातानें दिलें, हेंहि तितकेंच खरें.

ती सुरी मीं गांवच्या लोहारास दाखविली. त्यानें मूठ उलटी करून आंत पाहिलें. पात्याचा मागचा भाग जेमतेम बोटाच्या पेराएवढा असून एका बारीक खिळ्यावर टेकलेला होता. लोहार म्हणाला, "पात्याले काई नाई झालं जी, जोडच कच्चा होता." सुरी बहुधा पात्यांत मोडत नाहीं, ती मुठीशीं दगा देते, हें मला त्या दिवशीं कळलें. म्हणून परीक्षेस आरंभ मुठीपासूनच करावा.

१. मूठ. — सुरीचें जें अंग मुठीच्या आंत जातें त्यास आपण शेपूट म्हणूं. उत्तम सुरींत पातें व शेपूट एकाच अखंड पट्टीचें असतें. शेपूट मुठीच्या टोंकापर्यंत पोंचतें, आणि दोहों बाजूंस लांकडाच्या फाळ्या लावून आरपार खिळे ठोकलेले असतात. अशा सुरीचें लोखंड मुठीच्या कडेनें डोळ्यांस दिसतें; दुकानदारास विचारावें लागत नाहीं. विळ्याप्रमाणें निमुळतें शेपूट लांकडांत बसविलेलें असेल, तर तें दुसऱ्या टोंकाला बाहेर काढून वळविलेलें असावें व मुठीच्या तोंडाशीं कडें असावें. केवळ लाख भरून चिकटविलेल्या मुठीवर विसंबूं नये. नागपुराकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हांत लांकूड आकसतें, पावसाळ्यांत फुगतें, आणि असें दोन-चार वेळां झालें कीं कच्चा जोड सुटतो. मुठीस धावडा किंवा जुनी बाभूळ चांगली. मिटावयाचा चाकू खिशास सोयीचा खरा. परंतु भार पडतांच तो बोटांवर मिटण्याचें भय असतें, म्हणून जोराच्या कामास तो घेऊं नये.

जोडाची ही काळजी आपल्या भागांत नवी नाहीं. पारशिवनी तालुक्यांत पेंच नदीच्या कांठीं नैकुंड येथें झालेल्या उत्खननांत लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सांपडली आहे. नागपुरानजीकच्या माहूरझरी येथील शिलावर्तुळांत लोखंडी कट्यारी व कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. हा काळ सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचा. विदर्भाच्या त्या कुऱ्हाडींवर दांडा आवळून धरण्यासाठीं आडव्या लोखंडी पट्ट्या बसविलेल्या आढळतात. त्या लोहारांस जें उमजलें होतें, तें मला होकायंत्राच्या नादांत उमजलें नाहीं.

२. पोलाद व पाणी. — मऊ लोखंडाला धार टिकत नाहीं व अति कठीण पोलाद कांचेसारखें तुटतें. मोटारीच्या जुन्या कमानीची पट्टी या कामास उत्तम, कारण तींत शेंकडा सुमारें अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत पोलाद तापलें म्हणजे उष्णता ७७० अंशांच्या आसपास गेली असें समजावें. त्याहून किंचित् अधिक लाल करून तें तेलांत बुडवावें. कमानीच्या पट्टीस एकदम थंड पाणी दिल्यास तडा जाण्याचा संभव असतो. नंतर पातें घासून पुन्हां मंद शेकावें. धारेला गव्हाच्या काडासारखा पिवळा व पाठीला निळसर रंग आला म्हणजे धार कठीण व पाठ चिवट राहते.

तयार सुरीची परीक्षा अशी करावी. धारेजवळ कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर पाणी बरोबर, खरखर लागली तर पातें मऊ. पुढें वाळक्या बांबूवर वीस-पंचवीस वार करून धार उजेडापुढें धरावी. ती कोठें वळलेली असेल तर पातें मऊ आहे. तिचे कपचे उडाले असतील तर फाजील कठीण आहे. न गंजणारें पोलाद ओल्या कामास बरें, परंतु आपल्या निसण्यावर त्याला धार लावावयास वेळ लागतो.

३. माप. — पातें चार ते पांच इंच लांब, सुमारें इंचभर रुंद आणि पाठीशीं एक ते दीड सूत जाड असावें. दोर कापणें, खुंटी तासणें, पोत्याची शिवण उसवणें, फांदी सोलणें, हीं सर्व कामें एवढ्यांत होतात. झुडूप तोडण्यास कोयता व लांकूड फोडण्यास कुऱ्हाड आहेच. त्यांचें काम सुरीकडून घेऊं नये. पाठीवरील दांते कांहीं उपयोगाचे नाहींत. त्यांनीं लांकूड धड कापलें जात नाहीं व पाठीवर अंगठा टेकवितां येत नाहीं.

४. धार व निगा. — निसण्यावर धार लावतांना इंचभर रुंद पात्याची पाठ दगडापासून अडीच-तीन सूत उचललेली ठेवावी, म्हणजे सुमारें वीस अंशांचा कोन साधतो. चाकावर ठिणग्या उडवून धार करूं देऊं नये. धारेवर निळा डाग पडला कीं तेवढ्या जागेचें पाणी उतरलें. मुठीला वर्षांतून एकदां जवसाचें तेल चोळावें. पावसाळ्यांत सुरी चामड्याच्या म्यानांत महिनोन्‌महिने ठेवल्यास चामडें ओल धरतें व पातें गंजतें. म्हणून ती पुसून, तेलाचा हात फिरवून बाहेर ठेवावी.

५. संत्र्याची बाग. — बागवानानें दोन पातीं वेगळीं ठेवावीं. डिंक्या रोगांत झाडाची सडकी साल धारदार पात्यानें खरवडून तेथें बोर्डो मलम लावतात. त्याचें प्रमाण मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १० लिटर. तें पातें कलमाच्या कामास लावूं नये. संत्रावर्गीय झाडांचे कांहीं रोग कापण्याच्या हत्यारांतूनच एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पातें जंतुनाशक द्रवांत बुडवून, स्वच्छ धुवून, कोरडें करून मगच पुढील झाडास लावावें.

६. कायदा. — शस्त्र नियम २०१६ प्रमाणें ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादींत येतात. घरगुती व शेतीच्या कामासाठीं बनविलेलीं हत्यारें त्यांतून वगळलीं आहेत. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालीं मनाई हुकूम असतां सुरी घेऊन गांवांत फिरूं नये. त्याचप्रमाणें वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वयें अभयारण्यांत परवानगीवांचून हत्यार नेण्यास बंदी आहे. पेंचच्या जंगलाला लागून ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

७. सर्पदंश. — सर्प चावल्यास सुरीनें जखम चिरून विष काढावें, असें पुष्कळ लोक अजून समजतात. असें कदापि करूं नये. विष तेणेंकरून निघत नाहीं, रक्तस्राव मात्र वाढतो. घोणस किंवा फुरसें चावलें असतां रक्त गोठण्याची शक्तीच कमी होत असल्यामुळें तो जिवावर बेततो. घट्ट दोरहि बांधूं नये. चावलेला अवयव न हलवितां रोग्यास ताबडतोब सरकारी रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींच्या विषावर चालणारी लस तेथें देतात. या प्रसंगीं सुरी म्यानांतच राहूं द्यावी.

पुढें मीं कमानीच्या पट्टीच्या दोन सुऱ्या लोहाराकडून करवून घेतल्या, एक माझ्यासाठीं व एक सालदारासाठीं. त्यानें आपली हातांत घेतली ती पात्याकडे न पाहतां प्रथम मूठ पिळून पाहिली. वाचकांसहि एवढीच विनंति कीं, आज सायंकाळीं घरांतील प्रत्येक सुरी काढावी, पातें लांकडाच्या ठोकळ्यांत रोवावें आणि मूठ दोन्ही हातांनीं हलवून पाहावी. जिचा जोड केसभरहि हलेल ती उद्यां लोहाराकडे पाठवावी. गड्याच्या हातीं तर तशी मुळींच देऊं नये.