गिअरबॉक्सला काहीच झालं नव्हतं

“बिच्चि नोडबेकु सार.” म्हणजे, खोलून बघावं लागेल. दीड महिन्यात त्या वर्कशॉपच्या सल्लागाराने मला दुसरं काही सांगितलं नाही. मी बेळगावचा, कानडी मला कळतं. माझं म्हणणं कळून घ्यायची तयारी मात्र त्याची नव्हती.

५ सप्टेंबर २०२२चा सोमवार बंगळूरमध्ये राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. आदल्या दिवसापासून १३१ मिलिमीटर पाऊस पडला होता, इकोस्पेस आयटी पार्कसमोर तळं झालं होतं आणि आयटीवाले ट्रॅक्टरवर बसून कामाला चालले होते. मी पीण्याहून माल घेऊन बेळंदूरला निघालो होतो. माझी ऑटोमॅटिक पिकअप उंच, त्यामुळे फूटबोर्डापर्यंत पाणी आलं तरी बंद पडली नाही. दोनशे-एक मीटर पाण्यातून काढून तिला घरी आणली.

आठ-दहा दिवस काही नाही. मग एका सकाळी तुमकूर रोडवर सिग्नल सुटला आणि गाडी उठेना. इंजिन ओरडतंय, गाडी भरल्या बैलगाडीसारखी सरकतेय, डॅशबोर्डवर दिवा. दुपारी पुन्हा सगळं ठीक.

हे मी वर्कशॉपच्या काउंटरवर शब्दन् शब्द सांगितलं. रात्री पाऊस झाला की सकाळी होतं; ऊन पडलं, गाडी तापली की थांबतं. सल्लागाराने जॉबकार्डवर दोन शब्द लिहिले : ‘गिअर स्लिप’. पाऊस गेला, पाणी गेलं, सकाळ गेली. माझ्या मते नुकसान तिथेच ठरलं.

आधी ऑइल आणि फिल्टर बदलले, १७,५०० रुपये. चार दिवसांनी तोच दिवा. मग वॉल्व्ह बॉडी, १ लाख १२ हजार. पुन्हा पाऊस, पुन्हा दिवा. तिसऱ्या खेपेला म्हणाला, अख्खा गिअरबॉक्स बदला, सव्वाचार लाख. मग वॉल्व्ह बॉडी का बदलली, असं विचारल्यावर “ऑटोमॅटिक आहे सार, गॅरंटी देता येत नाही” एवढं बोलून तो फोन कानाला लावून आत निघून गेला. मी वीस मिनिटं उभा होतो. एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला खुर्चीसुद्धा दिली नाही.

शेजारच्या शेडवाल्याने मला जे.सी. रोडच्या मागच्या गल्लीत पाठवलं. तिथले उस्ताद गिअरबॉक्सवाले नव्हेतच, वायरिंगवाले. त्यांनी गाडीला हातही लावला नाही, आधी विचारलं, “पहले दिन का स्कॅन है क्या?” मी फाइल दिली. पहिल्या बिलाच्या मागे पिन मारलेला एक कागद होता. तो दीड महिना माझ्याच कपाटात पडून होता आणि मी कधी उलटून पाहिला नव्हता. त्यावर दोन कोड होते : पी ०७०० आणि पी ०७५३. उस्तादांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. पुढे छापलं होतं, ‘शिफ्ट सोलेनॉइड ए, इलेक्ट्रिकल’.

पी ०७०० एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंट्रोलमध्ये काहीतरी बिघडलं आहे. खरी बातमी दुसऱ्या कोडमध्ये असते. पी ०७५३ म्हणजे सोलेनॉइडकडे, गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या वॉल्व्हकडे, जाणाऱ्या विजेच्या वाटेत दोष. तो सोलेनॉइडमध्ये असेल, वायरमध्ये असेल नाहीतर प्लगमध्ये. असा कोड आला की कॉम्प्युटर गिअरबॉक्स वाचवायला गाडी एकाच वरच्या गिअरमध्ये धरून ठेवतो. म्हणूनच ती सिग्नलवरून उठत नव्हती. आतल्या क्लच प्लेटा घसरतच नव्हत्या.

उस्ताद गाडीखाली गेले आणि गिअरबॉक्सच्या बाहेरचा प्लग काढून त्यांनी मला दाखवला. आत हिरवट-पांढरा थर आणि एक पिन काळी पडलेली. मीटर लावला, वायर हलवली, आकडा नाचला. “इसमें कुछ नै हुआ साब,” गिअरबॉक्सवर हात ठेवून ते म्हणाले. बिल २,८०० रुपये. पुढच्या पावसाळ्यातही दिवा लागला नाही.

आणि वॉल्व्ह बॉडी बदलायची तर हा प्लग आधी काढावाच लागतो. म्हणजे तो हिरवा थर वर्कशॉपवाल्यांच्या हातातून गेला होता. हे मला विसरता येत नाही.

तेव्हा ऐका. दिवा लागला की कोड पुसण्याआधी स्कॅन छापून घ्या आणि त्या क्षणाचा वेग, तापमान, बॅटरीचे व्होल्ट यांची नोंदही मागा. एकदा पुसलं की पुरावा गेला. कोड इलेक्ट्रिकल असेल तर बॅटरी, अर्थिंग आणि प्लग तपासल्याशिवाय गिअरबॉक्सला पाना लावू देऊ नका. जॉबकार्डवर तुमचेच शब्द लिहवून घ्या, मगच सही करा. बदललेला पार्ट परत मागा. मी मागितला नाही, नंतर तो ‘स्क्रॅपमध्ये गेला’.

पाण्यातून गाडी काढलीच असेल तर त्याच आठवड्यात गिअरबॉक्सचं ऑइल बघा. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळं, जळक्या वासाचं असेल तर प्लेटा जळताहेत, तिथे खोलणं खरंच आलं. दुधाळ गुलाबी असेल तर आत पाणी किंवा रेडिएटरचं कूलंट शिरलं आहे. मग गाडी हलवूच नका. बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते, पातळी ठरावीक तापमानालाच तपासतात. त्यामुळे गार गाडीचा बोल्ट उघडून ‘ऑइल कमी आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. ऑटोमॅटिकचा ऑइलपंप इंजिनवर चालतो; इंजिन बंद ठेवून गिअरबॉक्सला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरवली तर आतले भाग कोरडेच फिरतात. हूक घेऊन आलेल्या पोराशी मी भर रस्त्यात भांडलो होतो, तेवढं एक बरं केलं.

मोठ्या खर्चाआधी दुसऱ्याला दाखवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

वर्कशॉपला मी लेखी पत्र दिलं, दोनदा. उत्तर नाही. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. धंद्याच्या धावपळीत ती माझ्या हातून गेली. तुमची चालू असेल तर थांबू नका, आणि आज घरी गेल्यावर फाइलमधला पहिल्या दिवशीचा स्कॅन काढून वाचा.