परीक्षेची झाडं वेगळी ठेव

पांढुर्णा,
जानेवारी २०२६

चि. छोटीस,

तुझ्या निबंधाचा मसुदा परवा रात्री मोबाईलवर आला. असं काम मोबाईलवर वाचून मत देऊ नये, म्हणून सकाळी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला आणि दोनदा वाचला. एकदा तुझा मामा म्हणून, एकदा अठ्ठावीस वर्षं पॉलिटेक्निकात शिकवलेला माणूस म्हणून. पहिल्या वाचनात काय वाटलं ते ताईला फोनवर सांगितलं आहे, ती तुला सांगेलच. हे पत्र दुसऱ्या वाचनाचं.

परिषदेची लेखकांसाठीची नियमावलीही तू सोबत पाठवलीस आणि विचारलंस, यातलं खरंच महत्त्वाचं काय आणि उगाच काय. उगाच असं मला त्यात फारसं दिसलं नाही. पण सगळ्या नियमांचं वजन सारखं नसतं. तुला काळजी आहे ती सहा पानांची आणि दोन रकान्यांच्या साच्याची. मला काळजी आहे चौथ्या पानावरच्या तक्त्याची. म्हणून तिथूनच सुरू करतो.

फोटोवरून झाडावरची फळं मोजणाऱ्या प्रोग्रामसाठी तू संत्र्याची साठ झाडं घेतलीस, प्रत्येकाचे चारी बाजूंनी चार फोटो काढलेस, तोडणीच्या वेळी एकेका झाडाची फळं मोजून घेतलीस. या मोजणीसाठी तुला शाबासकी. बगीच्यात दोन दिवस उभं राहून कॅरेट रिकामी करत मोजणं काय असतं ते मी पाहिलं आहे. मग ते दोनशे चाळीस फोटो संगणकाकडून मिसळून घेतलेस, एकशे नव्वद शिकवायला आणि पन्नास परीक्षेला ठेवलेस, आणि चूक शंभराला सहा इतकीच आली असं लिहिलंस.

बाळ, फोटो मिसळले, म्हणजे एकाच झाडाचा पूर्वेकडचा फोटो शिकवणीत गेला आणि पश्चिमेकडचा परीक्षेत. त्या झाडाची वाकलेली फांदी, बुंध्याला लावलेलं बोर्डो मलम, मागचा विहिरीचा कठडा, हे सगळं तुझ्या प्रोग्रामने आधीच पाहिलेलं आहे, आणि त्या झाडाला फळं किती हेही त्याला सांगितलेलं आहे. तो फळं मोजतो की झाड ओळखतो, हे या आकड्यावरून कळत नाही. वर्गात सोडवून घेतलेलंच गणित पेपरात घातलं, तर पोराला गणित येतं का ते कळत नाही, तसं. परीक्षेची झाडं सुरुवातीलाच वेगळी काढ. त्यांचा एकही फोटो शिकवणीत जाता कामा नये. त्याहून बरं म्हणजे परीक्षा दुसऱ्याच बगीच्यात घे. चूक सहावरून पंचवीसवर गेली तर पंचवीस लिही.

हे मी इतकं ताणून का सांगतो, ते तुला आपल्या भागातली मुलगी म्हणून कळेल. पांढुर्णा-सौसरकडे बगीचा किती वेळा उक्ता विकला जातो, ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. व्यापारी येतो, धुऱ्यावरून एक फेरी मारतो, नजरेने माल जोखतो आणि एक रक्कम बोलतो. त्याची नजर वीस वर्षांची तयार असते. आपल्या माणसाजवळ नुसता अंदाज असतो. तुझं काम त्या क्षणी शेतकऱ्याच्या हातात काहीतरी देऊ शकतं, म्हणूनच ते मला मोलाचं वाटतं. पण उद्या कोणी तुझा निबंध वाचून त्यावर मोबाईलचं ॲप बनवलं, आणि तुझ्या सहा टक्क्यांवर विश्वास ठेवून एखाद्याने आलेला भाव नाकारला, तर? नुकसान तुझं होणार नाही, परिषदेचंही होणार नाही, त्याचं होईल.

आणखी एक. व्यापारी येतो तेव्हा फळं बहुतेक हिरवी असतात, आणि तुझे फोटो सगळे आंबिया बहाराच्या पिवळ्या झालेल्या फळांचे आहेत. हिरव्या पानांत हिरवं फळ शोधणं हा वेगळाच प्रश्न आहे. तू तो सोडवलेला नाहीस, आणि सोडवलाच पाहिजे असंही नाही. पण मर्यादांच्या परिच्छेदात तो स्पष्ट लिही. फोटो एकाच मोबाईलने, एकाच बगीच्यात, सकाळच्या उन्हात काढले हेही लिही. पुष्कळ मुलं हा परिच्छेद भीत भीत दोन ओळींत उरकतात, परीक्षक त्यावरच बोट ठेवील म्हणून. मी परीक्षक म्हणून निबंध वाचलेले आहेत. ज्याला आपलं काम कुठे संपतं ते माहीत आहे, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही माझा विश्वास बसायचा.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही. तीसेक वर्षांपूर्वी मी एका परिषदेत निबंध वाचला होता. खेड्यातल्या फीडरवर शेतीपंपांना प्रत्यक्षात किती व्होल्टेज मिळतं, याच्या नोंदी मी चौदा दिवस घेतल्या होत्या. तीन दिवसांचे आकडे विचित्र आले. मीटर बिघडला असेल असं ठरवून मी ते गाळले आणि गाळल्याचं कुठे लिहिलं नाही. सभागृहातल्या एका वयस्कर गृहस्थांनी फार सौम्यपणे विचारलं, "अकराच दिवस का?" मी काहीतरी उत्तर दिलं. ते खरं नव्हतं, आणि त्यांना ते कळलं हे मलाही कळलं. पुढे लक्षात आलं की मीटर ठीकच होता. त्या तीन दिवसांत खरोखर काहीतरी घडलं होतं, आणि कदाचित माझ्या कामातलं तेच शोधण्यासारखं होतं. ते तीन दिवस पुन्हा मिळाले नाहीत.

आता अनामिक परीक्षणाचा नियम. परीक्षकाला तू कोण ते कळू नये आणि तुला तो कोण ते कळू नये, म्हणजे आयआयटीतून आलेल्या आणि आपल्या भागातून आलेल्या कागदाला एकच माप लागतं. हा नियम तुझ्या बाजूचा आहे, तो मनापासून पाळ. पहिल्या पानावरून नाव काढलंस, पण शेवटी "माझ्या मामांच्या बगीच्यात" असे आभार तसेच आहेत. तिसऱ्या आकृतीत तुमच्या कॉलेजची पाटी असलेली गाडी दिसते. फाईलच्या गुणधर्मांत तुझं नाव असेल, आणि प्रोग्राम ठेवला आहेस त्या दुव्यातही. हे सगळं आता काढ. आभार निवड झाल्यावर अंतिम प्रतीत घाल, आणि तेव्हा मोजणीला मदत केलेल्या दोन्ही मजुरांची नावंही, त्यांना विचारून, घाल.

जागेचं नाव मात्र नेमकं लिही. तू "नागपूर परिसर" लिहिलंस. संत्रं नागपुरी म्हणून ओळखलं जातं हे खरं, पण झाडं मध्य प्रदेशात आहेत. २०२३ पर्यंत आपण छिंदवाडा जिल्ह्यात होतो, आता पांढुर्णा जिल्हा आहे. जपानमधल्या वाचकाला जमीन आणि हवामान ताडून पाहायचं असेल तर त्याला खरी जागा कळायला हवी.

लेखकांची नावं हा नाजूक विषय आहे आणि तू त्याबद्दल काहीच विचारलं नाहीस, म्हणून मीच काढतो. ज्याने कामात खरा वाटा उचलला, मसुदा वाचला, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याला जो उत्तर देईल, तो लेखक. तुझे मार्गदर्शक सर त्यात बसतात. ज्या मैत्रिणीने अर्धा प्रोग्राम लिहिला तीही बसते, आणि तिचं नाव मसुद्यात नाही. हे विसरून झालं असेल असं मी धरतो. आजच तिच्याशी बोल, कारण निबंध एकदा गेल्यावर बऱ्याच परिषदा नावं बदलू देत नाहीत. उलट, नुसत्या मानासाठी कोणाचं नाव घालायला सांगितलं तर आदराने सांग की आभारात घालते. माझं नाव कुठेच लेखक म्हणून नको. मी बगीचा दिला आणि चहा दिला, एवढंच.

इंग्रजी नीट करायला एआयची मदत घेतलीस असं म्हणालीस. परिषदेने परवानगी दिली असेल तेवढीच घे, आणि कुठे घेतली ते त्यांनी सांगितलेल्या जागी लिही. पण संदर्भांची यादी? त्यातले दोन निबंध मला कुठेच सापडले नाहीत. ही यंत्रं नसलेले निबंध बेमालूम रचून देतात. जो निबंध तू स्वतः उघडून वाचला नाहीस, तो यादीत ठेवू नकोस. बारा उरले तर बारा. भाषेसाठी माझा उपाय जुना आहे. प्रत्येक परिच्छेद आधी मराठीत, आजीला ओसरीवर सांगितल्यासारखा सांग. जिथे अडखळशील तिथे इंग्रजी अडलेलं नसतं, विचार अडलेला असतो.

ताई म्हणते, तुला आणखी दोन परिषदांचे ईमेल आले आहेत. तुझी स्तुती करतात, दोन दिवसांत निर्णय देतो म्हणतात आणि फी आधी मागतात. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. २००५ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी निरर्थक निबंध रचणारा एक प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून निघालेला एक निबंध एका परिषदेने स्वीकारलासुद्धा. २०१४ मध्ये तर स्प्रिंगर आणि आयईईई या नामांकित प्रकाशकांना असे एकशे वीसहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले. म्हणून मोठं नाव पाहूनही थांबू नकोस. मागच्या दोन वर्षांचे निबंध काढून वाच, समितीतली माणसं खरी आहेत का ते बघ, सरांना विचार. आणि एकच निबंध एका वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नाही. तो वाचणारे लोक आपलं काम सांभाळून, फुकट वाचतात.

पानांचं थोडक्यात. समास आणि अक्षर लहान करून जागा काढू नकोस, पहिल्या पानावरचं संत्र्याचं महत्त्व सांगणारं अर्धं वर्णन काढ. आलेखातली अक्षरं छापल्यावर वाचता आली पाहिजेत. तुझ्या पाचव्या आकृतीत मला चष्मा लावूनही वाचता आली नाहीत. पिवळ्या-हिरव्या रेषा काळ्या-पांढऱ्या छपाईत सारख्याच दिसतात, एक तुटक कर. मुदत १५ फेब्रुवारी, "पृथ्वीवर कुठेही" अशी लिहिली आहे. म्हणजे पृथ्वीवर जिथे ती तारीख सगळ्यात शेवटी संपते तिथली वेळ, आपल्याकडे १६ च्या संध्याकाळचे साडेपाच. तरी तू १४ लाच पाठव. शेवटच्या तासात वीजही जाते आणि संकेतस्थळही बसतं.

नाकारला गेला तर दोन दिवस रड, मग परीक्षकांचे शेरे काढून वाच. २०१४ मध्ये निप्स या मोठ्या परिषदेने १६६ निबंध दोन वेगळ्या समित्यांकडे पाठवून पाहिले, त्यातल्या ४३ निबंधांवर दोन समित्यांचे निकाल वेगळे आले. तेव्हा निकालात नशिबाचा भाग असतो. शेऱ्यांमध्ये मात्र बहुतेकदा काहीतरी घेण्यासारखं असतं. परीक्षकाला तुझं म्हणणं कळलं नसेल तर ते कुठे नीट लिहिलं गेलं नाही, ते शोध.

आपण कुठल्या कोपऱ्यातून आलो, आपल्याला कोण विचारणार, असं तू फोनवर म्हणालीस ते माझ्या मनातून जात नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदवी बी.एस्सी.ची, त्यापुढची नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येबद्दल सांगितलं. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घे, अंक उतरत्या क्रमाने मांड, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा कर, आणि हेच पुन्हा पुन्हा कर. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचतो. आपल्याकडच्या गणितज्ञांनी त्यांना बरीच वर्षं फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर गेलं. पण सांगणारा कोण आणि कुठला, याची गरज त्या वजाबाकीला कधीच नव्हती. पाटी-पेन्सिल घेऊन कोणीही बसावं आणि करून पाहावं. तुझा तक्ता मला तसा हवा आहे. फोटो, मोजणीच्या वह्या, प्रोग्राम, सगळं असं ठेव की अनोळखी माणसाने तेच केलं तर तेच उत्तर यावं.

सौसरच्या रस्त्यावरच्या बगीच्याच्या मालकांशी मी बोलून ठेवलं आहे. त्यांनी मृग बहार घेतला आहे, फळं अजून बरीच हिरवी आहेत, म्हणजे व्यापारी येतो तेव्हा असतात तशीच. तोडणी इतक्यात नाही, तेव्हा फळं झाडावरच मोजावी लागतील. फांद्यांना सुतळी बांधून, एकेक फांदी घेऊन, शिडी लावून. पंधरा झाडं झाली तरी परीक्षेला पुरतील. या पंधरा झाडांना शिकवणीत हात लावायचा नाही, एवढं आधीच ठरवून ये. रविवारी सकाळच्या गाडीने निघ, स्टेशनवर मी येतो. मामीने डबा करायचं कबूल केलं आहे. दोन वह्या आण. एकाच झाडाची फळं तू वेगळी मोजशील, मी वेगळी मोजीन, आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत.

तुझा,
मामा