ट्रकचा कॉम्प्युटर बदलण्यापूर्वी

गॅरेज, ऑटो-इलेक्ट्रिक, स्पेअर पार्ट आणि जुन्या मालाची खरेदी-विक्री ही आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांच्या रोजीची साधने आहेत. भिवंडी असो, मालेगाव असो की कुर्ला, इंजिनावर हात बसलेले उस्ताद आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले शागीर्द सर्वत्र आढळतात. परंतु पंपाचे टायमिंग नुसत्या कानाने ओळखणारा उस्तादही आज एका लहानशा ॲल्युमिनियमच्या डब्यापुढे थबकतो. हा डबा म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. आपल्या बोलीत ईसीएम किंवा ईसीयू.

कॉमन रेल इंजिनचा ट्रक प्रथम १९९५ साली जपानच्या हिनो कंपनीने डेन्सोची यंत्रणा बसवून बाजारात आणला. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ चा नियम देशभर लागू झाला आणि डिझेल किती व केव्हा सोडायचे हे कॉम्प्युटरने ठरविण्याची पद्धत सर्रास झाली. काही मोठ्या ट्रकांत ती त्याआधीच आली होती. हे ट्रक आता जुन्यात जमा झाले आहेत. कंपनीची वॉरंटी संपली आहे, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली आहे आणि दुरुस्तीसाठी ती आपल्याच दारात उभी राहते. म्हणून या विषयाची माहिती घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा डबा सहजासहजी मरत नाही. गाडी सेल्फ घेते पण सुरू होत नाही, स्कॅनर लागत नाही, की लगेच "ईसीएम गेला" असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचे त्यात काही जात नाही; मालकाची मात्र कित्येक फेऱ्यांची कमाई जाते. आणि नवा डबा बसवूनही बिघाड तसाच राहिला तर गॅरेजचे नावही जाते. तेव्हा डबा खराब आहे हे आधी सिद्ध करावे, मगच खोलावा.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. चांगल्या भरलेल्या असतील तर उभ्या गाडीत सुमारे २५ व्होल्ट मिळतात. सेल्फ मारताना हा आकडा १८ च्या खाली घसरत असेल तर कॉम्प्युटरला दोष देण्याचे कारण नाही. बॅटरी, टर्मिनल किंवा सेल्फच पाहावा. त्यानंतर डब्याच्या कपलरवर येणारे प्लस आणि अर्थ तपासावेत. येथे बहुतेक वायरमन फसतात. वायरच्या बारा तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मल्टिमीटर पूर्ण २४ व्होल्ट दाखवितो, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून २४ व्होल्टचा २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब त्या प्लस आणि अर्थमध्ये लावून पाहावा. बल्ब झगझगीत लागला तर वायर ठीक. मंद लागला तर दोष वायरीत, फ्यूजच्या डब्यात, मेन रिलेत किंवा चासीवरच्या गंजलेल्या अर्थच्या बोल्टात आहे. बल्ब चालू असताना मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी कपलरच्या अर्थवर ठेवावी. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवीत असेल तर अर्थ कच्चा समजावा. अर्थचा बोल्ट खोलून पॉलिश पेपरने घासल्यावर "मेलेला" कॉम्प्युटर जिवंत होतो, असे पुष्कळदा घडते.

या कामात मीटरची जाड काडी कपलरच्या पिनेत खुपसू नये. पीन पसरते आणि पुढे महिनाभराने असा बिघाड सुरू होतो की कोणाला सापडत नाही.

दुसरा मोठा धोका ५ व्होल्टचा आहे. कॉम्प्युटर आपल्या सेन्सरांना २४ नव्हे तर ५ व्होल्ट पुरवितो आणि एकाच वायरीवर अनेक सेन्सर असतात. ॲक्सिलरेटर पेडल, रेल प्रेशर, बूस्ट यांपैकी एखादा सेन्सर शॉर्ट झाला किंवा त्याची वायर सायलेन्सरला घासून सोलली, की ते ५ व्होल्ट बसतात आणि स्कॅनरवर एकदम चार-पाच सेन्सरांचे दोष उमटतात. इतके सेन्सर एकाच दिवशी कसे खराब होतील? हा प्रश्न स्वतःला न विचारता बरेच जण डब्यावर शिक्का मारतात. चावी चालू ठेवून सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत जावे. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात तो चोर.

स्कॅनर अजिबात लागत नसेल तर कॅन लाइनच्या दोन वायरी पाहाव्यात. या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे बॅटरी काढून दोन्ही वायरींमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

एवढे सर्व बरोबर निघाले आणि तरीही डबा बोलत नसेल, किंवा एखाद्या इंजेक्टरला हुकूमच देत नसेल, तर तो खराब आहे असे म्हणता येईल. परंतु मग दुसरा प्रश्न उभा राहतो: तो कशाने मेला? कारण शोधल्याशिवाय दुसरा डबा बसविणे म्हणजे तोही जाळणे होय. इंजेक्टरची कॉइल शॉर्ट झाली किंवा तिची वायर बॉडीला लागली तर डब्यातील तो इंजेक्टर चालविणारा भाग जळतो. कॉइलचा रेझिस्टन्स एक ओहमपेक्षाही कमी असल्याने साध्या मीटरच्या आकड्यावर विसंबता येत नाही. सर्व इंजेक्टर एकमेकांशी ताडून पाहावेत आणि कोणताही इंजेक्टर बॉडीशी जोड दाखवीत नाही ना, हे तपासावे. इंजिन चालू असताना या वायरींना हात लावू नये किंवा टेस्टिंग बल्बही लावू नये. तेथे बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक व्होल्टेज असते.

वेल्डिंग हे दुसरे कारण. बॉडी बांधणाऱ्या बंधूंनी हे विशेष लक्षात ठेवावे. चासीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही केबल आणि कॉम्प्युटरचे कपलर काढावेत आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावावा. दोन मिनिटांचे काम आहे, पण टाळले जाते. प्रेशरच्या पाण्याने केबिन व इंजिन धुणे आणि चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढणे, हीही नेहमीची कारणे.

आता प्रत्यक्ष बदलण्याविषयी. डबा बाहेरून सारखा दिसला म्हणून चालत नाही. त्यावरील पार्ट नंबर जुळला पाहिजे आणि आतील प्रोग्रामही त्याच इंजिनचा, त्याच हॉर्सपॉवरचा पाहिजे. नवा डबा बहुधा कोरा येतो. गाडीच्या चासी नंबरानुसार प्रोग्राम भरावा लागतो. चावीला इमोबिलायझर असेल तर तोही जुळवावा लागतो. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड छापलेला असतो. तो सिलिंडरच्या क्रमाने कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. हे राहिले तर इंजिन सुरू होते, पण खडखडते आणि धूर सोडते. म्हणून जुना डबा थोडाही बोलत असेल तर काढण्यापूर्वी त्यातील सर्व नोंदी स्कॅनरने उतरवून घ्याव्यात. चावी बंद केल्यावर लगेच बॅटरी काढू नये. कॉम्प्युटर आपली माहिती साठवून झोपी जाण्यास थोडा वेळ घेतो आणि ॲडब्ल्यूच्या गाड्यांत पंप नळ्या रिकाम्या करीत असतो. काही मिनिटे थांबावे.

प्रोग्राम भरताना काही ठिकाणी ॲडब्ल्यूची यंत्रणाच बंद करणारी फाइल घालून दिली जाते आणि मालकाला बचत म्हणून सांगितली जाते. डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर मोजला जातो, नायट्रोजनचे वायू मोजले जात नाहीत, म्हणून हे पकडले जात नाही. पकडले जात नाही म्हणून ते जायज होत नाही. तो विषारी वायू शेवटी आपल्याच वस्तीतील मुलांच्या छातीत जातो.

बहुतेक व्यवहार भंगारातून निघालेल्या जुन्या डब्यांचा होतो. तो गैर नाही, परंतु त्याला अटी आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला असता आतील धान्य ओले लागले, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारल्याची हदीस सर्वांना ठाऊक आहे. पाण्यात बुडालेल्या गाडीचा किंवा आत एकदा दुरुस्त झालेला डबा पुसूनपासून "चालू" म्हणून विकणे याच प्रकारात मोडते. ऐब लपविला असेल तर माल परत करण्याचा हक्क ग्राहकाला शरीअतने दिलेला आहे. "एकदा विकलेला माल परत नाही" असे पावतीवर छापल्याने लपविलेला ऐब झाकला जात नाही.

तपासताना गॅरेजमध्येच डबा जळाला तर? कारागिराच्या जबाबदारीबाबत फिकहमध्ये मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते कारागिराच्या हातून काही चूक वा आगळीक झाली नसेल तर त्याच्यावर भरपाई नाही, त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) टाळता न येणारी आपत्ती वगळता भरपाई लागू करतात. परंतु स्वतःच्या हाताने वायर उलटी जोडून डबा जाळला असेल तर तेथे मतभेदाचा प्रश्नच येत नाही. गाडी आत घेतानाच कोणत्या दिव्याने, कोणत्या दोषाने आली हे लिहून मालकाची सही घेतली की पुढचा वाद टळतो.

डबा बसविल्यानंतर चावी चालू करताच चेक इंजिनचा दिवा लागतो का आणि स्कॅनर बोलतो का, हे पाहावे. जुने दोष पुसावेत, इंजिन गरम होऊ द्यावे आणि गाडी भरलेली असताना चढावर चालवून पुन्हा स्कॅन करावे. रिकाम्या गाडीत रेल प्रेशरचा दोष दिसत नाही. बिलावर जुन्या आणि नव्या दोन्ही डब्यांचे नंबर लिहावेत आणि जुना डबा मालकाच्या हाती द्यावा. तो त्याचा आहे. गॅरेजला हवा असल्यास किंमत ठरवून घ्यावा.