ज्वालामुखीच्या अंगणातील नगर

रोमहून नेपल्सला जावयास निघालेल्या प्रवाशाला तेथील स्नेही हटकून दोन सूचना देतात. पैशांचे पाकीट आतल्या खिशात ठेवावे, ही पहिली. आणि रस्ता ओलांडताना मध्येच थांबू नये, ही दुसरी. पहिली सूचना जगातील कोणत्याही मोठ्या शहराला लागू पडेल. दुसरीचे मर्म मात्र नेपल्सच्या स्थानकाबाहेर पाऊल टाकल्यावरच उमगते. वेगवान आगगाडीने सव्वा तासात रोम मागे पडते आणि गॅरिबाल्डी चौकात एकच कोलाहल कानी येतो. फटफट्या डावीकडून येतात, उजवीकडून येतात, प्रसंगी पदपथावरूनही येतात. एकीवर बाप, आई आणि त्या दोघांच्या मध्ये दामटून बसविलेले मूल, असे सारे बिऱ्हाडच असते. तांबडा दिवा लागला तरी काही जण थांबतात, काही थांबत नाहीत. नवखा प्रवासी कडेला उभा राहून वाट पाहतो. पण वाट मोकळी होतच नाही. अखेर एखादी वृद्धा हातातील पिशवी सावरीत, कोणाकडेही न पाहता संथपणे रस्त्यात उतरते आणि तो सारा लोंढा तिच्या दोहो बाजूंनी पाण्यासारखा वाट काढून निघून जातो. प्रवासी मुकाट्याने तिच्या मागोमाग चालू लागतो. नेपल्समधील त्याचा पहिला धडा तेथेच पुरा होतो.

पूर्वी या नगराचे दर्शन समुद्राकडून होत असे. मुंबईहून युरोपास जाणाऱ्या इटालियन आगबोटी या बंदरास लागत आणि कित्येक भारतीय प्रवाशांना युरोपची भूमी प्रथम येथेच दिसे. अर्धचंद्राकृती निळे आखात, त्याच्या काठाने टेकडीवर चढत गेलेली पिवळ्या-तांबूस रंगांची घरे आणि पूर्वेस व्हेसूव्हियसचा करडा पर्वत, असे ते दृश्य आहे. हा पर्वत १२८१ मीटर उंच आहे. म्हणजे उंचीने फारसा मोठा नव्हे. परंतु या नगराच्या कोणत्याही गोष्टीचा विचार करू लागले की तो आपोआप मध्ये येतो.

नेपल्स वसविले ग्रीकांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. त्यांनी त्याला ‘निआपोलिस’, म्हणजे नवे नगर, असे नाव दिले. त्यांनी आखलेल्या सरळ रस्त्यांवरच जुन्या वस्तीतील रस्ते आजही आहेत. त्यांपैकी एक अरुंद रस्ता वस्तीच्या आरपार असा गेला आहे की, सांत एल्मोच्या किल्ल्यावरून पाहताना कोणी सुरीने नगराचे दोन काप केल्यासारखे वाटते. त्याचे नावच ‘स्पाक्कानापोली’, म्हणजे नेपल्स दुभागणारा, असे पडले आहे.

या रस्त्याच्या आजूबाजूच्या बोळांत ऊन थोडे आणि माणसे फार. समोरासमोरच्या सज्जांना दोऱ्या बांधून त्यांवर कपडे वाळत घातलेले असतात. चौथ्या मजल्यावरील गृहिणी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते, भाजीवाला तीत कांदे-टोमॅटो भरतो आणि टोपली वर जाते. भावावरून होणारी घासाघीस मात्र साऱ्या गल्लीला ऐकू येते. तळमजल्यावरच्या एका खोलीच्या घरांना तेथे ‘बास्सो’ म्हणतात. अशा घराचे दार थेट रस्त्यावर उघडते. त्यामुळे रस्ता हाच घराचा ओटा होतो. खुर्ची बाहेर, मूल बाहेर आणि भांडणही बाहेर! भिंतीतील कोनाड्यात संतांच्या मूर्तीपुढे दिवा तेवत असतो आणि शेजारीच मॅराडोना या फुटबॉलपटूचे चित्र असते. १९८७ आणि १९९० या साली त्याच्या संघाने नेपल्सला इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. उत्तरेकडील श्रीमंत शहरांनी ज्याला सदैव हिणवले, अशा नगराला त्या विजयाचे केवढे अप्रूप वाटले असेल!

खाण्यापिण्याच्या बाबतीत नेपल्सचे लोक मोठे काटेकोर आहेत. ज्या नगरात रहदारीचा नियम कोणी फारसा मनावर घेत नाही, तेथे पिझ्झाचा नियम मोडलेला मात्र खपत नाही. कणीक हाताने थापायची, लाटण्याने नव्हे. भट्टी लाकडाची आणि इतकी तापलेली की भाकर दीड मिनिटात भाजून निघावी. या कलेची १९१७ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१७ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. नेपल्सच्या लोकांच्या मते तिला शंभर वर्षे उशीर झाला. कॉफीच्या दुकानातील एक रीत याहूनही लक्षात राहते. एखादा गिऱ्हाईक एक पेला कॉफी पितो आणि पैसे दोन पेल्यांचे देतो. दुसरा पेला पुढे येणाऱ्या कोणा गरजूसाठी असतो. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसतो आणि घेणाऱ्याला देणारा.

नगराच्या पोटात आणखी एक नगर आहे. येथील मऊ, पिवळसर दगड ग्रीकांच्या काळापासून खणून काढीत आले. वरची घरे त्याच दगडांची बांधली आणि खाली राहिलेल्या पोकळीत पाण्याची टाकी व कालवे झाले. १८८४ साली पटकीच्या साथीने हजारो माणसे मेली. त्यानंतर डोंगरातून शुद्ध पाणी आणण्यात आले आणि जुने जलमार्ग ओस पडले. दुसऱ्या महायुद्धात विमाने बाँब टाकू लागली, तेव्हा याच भुयारांत लोकांनी आसरा घेतला. सुमारे चाळीस मीटर खोल उतरून गेलेल्या प्रवाशाला तेथील भिंतीवर लहान मुलांनी कोरलेली विमानांची चित्रे दिसतात. कोपऱ्यात मोडकी खेळणी पडलेली आहेत. वरच्या गोंगाटाचा येथे मागमूसही लागत नाही.

अशाच मुलांपैकी काही जण १९४३ च्या सप्टेंबरात रस्त्यावर उतरले. नगर त्या वेळी जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. पुरुषांना पकडून सक्तीच्या मजुरीसाठी नेले जात होते. २७ सप्टेंबरला लोकांचा संयम सुटला. बाके, पलंग, ट्रामगाड्या रस्त्यात आडव्या घालून कामगार, खलाशी, विद्यार्थी, बायाबापड्या, जो तो लढू लागला. जेन्नारो काप्वोत्सो हा दुकानात काम करणारा मुलगा अवघा अकरा वर्षांचा होता. रणगाड्यांवर हातगोळे फेकीत असता २९ तारखेला तो ठार झाला. पुढे इटलीने आपले सर्वोच्च शौर्यपदक त्याला दिले. १ ऑक्टोबरला दोस्त राष्ट्रांच्या फौजा नगरात शिरल्या, तेव्हा जर्मन सैन्य निघून गेले होते. जे लोक एका रांगेत उभे राहात नाहीत असे म्हणतात, ते चार दिवस एका फळीत उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहान आगगाडीने पाँपेईला जाता येते. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या स्फोटात हे गाव राखेखाली गाडले गेले. भट्टीत भाजावयास ठेवलेल्या ऐंशीवर भाकऱ्या कोळसा होऊन तशाच राहिल्या. राखेत माणसांच्या देहांच्या पोकळ्या उरल्या होत्या. १८६३ पासून फ्योरेल्ली या संशोधकाने त्यांत प्लास्टर ओतून त्या माणसांच्या अखेरच्या क्षणीच्या आकृती मिळविल्या. कोणी तोंडावर हात घेतला आहे, कोणी गुडघे पोटाशी धरले आहेत. प्रवासी येथे मोठ्याने बोलत नाहीत.

आखाताच्या दुसऱ्या टोकाला, मिसेनुम येथे, त्या वेळी रोमन आरमाराचा तळ होता. सरदार प्लिनी याने पर्वतावर उठलेला प्रचंड ढग पाहून नौका पाण्यात लोटावयास सांगितल्या. आपल्या सतरा वर्षांच्या भाच्याला त्याने ‘येतोस का?’ असे विचारले. मामाने घालून दिलेला अभ्यास पुरा करावयाचा आहे, म्हणून भाचा घरीच राहिला. लोकांना सोडविण्यासाठी गेलेला मामा पलीकडच्या किनाऱ्यावर मरण पावला. अभ्यासासाठी मागे राहिलेल्या त्या भाच्याने लिहिलेल्या दोन पत्रांमुळेच तो दिवस जगाला तपशीलवार कळला.

पर्वत त्यानंतर अनेकदा जागा झाला. १६३१ च्या १६ डिसेंबरच्या स्फोटात हजारो लोक प्राणास मुकले. तेव्हा नेपल्सच्या रहिवाशांनी आपले रक्षक संत जेन्नारो यांचे अवशेष मिरवणुकीने बाहेर काढले. कुपीतील त्यांचे वाळलेले रक्त वर्षातून तीनदा पातळ होते, अशी श्रद्धा आहे, आणि त्या तीन दिवसांपैकी एक म्हणजे हाच १६ डिसेंबर. रक्त पातळ झाले नाही की नगर चिंतेत पडते. श्रद्धेच्या जोडीला शास्त्रही येथे फार पूर्वी आले. १८४१ साली पर्वताच्या उतारावर जगातील पहिली ज्वालामुखी-वेधशाळा स्थापन झाली. १८७२ च्या एप्रिलमध्ये लाव्हारसाचे ओघ तिच्या जवळून वाहू लागले, तेव्हा तिचा संचालक लुइजी पाल्मिएरी यंत्रे सोडून खाली आला नाही; तो नोंदी करीत राहिला. शेवटचा उद्रेक १९४४ च्या मार्चमध्ये झाला. त्यात सान सेबास्तियानो हे गाव लाव्हारसाखाली गेले. तेथे आज पुन्हा गाव आहे.

धोक्याच्या पट्ट्यात आज सुमारे सात लक्ष लोक राहतात. उद्रेकाची चाहूल लागताच बहात्तर तासांत सर्वांना हलवावे, अशी योजना सरकारने आखली आहे. पण गॅरिबाल्डी चौकातील रहदारी पाहिलेल्याला ते गणित सहज पटत नाही. २००३ च्या सुमारास घर सोडून दूर जाणाऱ्या कुटुंबांना तीस हजार युरो देऊ केले गेले. फारच थोडी कुटुंबे गेली. कारण उघड आहे. ज्या राखेने पाँपेई गाडले, तीच राख मुरून जमीन कसदार झाली आहे. द्राक्षे, जर्दाळू आणि घोसांनी टांगून ठेवता येणारे लहान टोमॅटो या उतारावर जसे पिकतात, तसे इतरत्र पिकत नाहीत. शिवाय आजोबांनी बांधलेले घर असते, शेजार असतो. नगराच्या पश्चिमेस पोत्सुओलीला तर जमीनच श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. १९८२ ते १९८४ या काळात ती पावणेदोन मीटरांहून अधिक उचलली गेली आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. अलीकडे, २०२४ मध्ये, तेथे गेल्या चाळीस वर्षांतील त्या वेळेपर्यंतचा सर्वांत मोठा धक्का बसला. त्या रात्री लोक मोटारीत आणि चौकात झोपले. वेधशाळेचे मुख्य काम आता नगरातील इमारतीतून चालते; तेथील पडद्यांवर जमिनीच्या नाडीचे ठोके रात्रंदिवस उमटत असतात आणि त्यांपुढे कोणी ना कोणी जागा असतो.

संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर सारे नेपल्स फिरावयास येते. मुले कठड्यावर चढतात, आया ओरडतात, कोणी गाते, कोणी दुरुस्त न झालेल्या फटफटीला लाथा मारते. सूर्य मावळतो आणि समोरचा पर्वत जांभळा, मग काळा होतो. त्यानंतर त्याच्या उतारावर एकेक दिवा लागू लागतो. पायथ्याशी दाट, वर विरळ. परतीच्या गाडीला अवधी असलेला प्रवासी कठड्याला टेकून ते दिवे मोजू पाहतो. शंभराच्या पुढे त्याची मोजणी चुकते. शेजारचा म्हातारा कोळी जाळे गुंडाळता गुंडाळता हात वर करतो आणि उतारावरच्या एका दिव्याकडे बोट दाखवून म्हणतो, “तो आमच्या लेकीचा.”