चार सिलिंडरांची थरथर

टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावून २०२३ साली निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी वापरली, त्यांना तिची थरथर ठाऊक आहे. जुन्या मोटारीच्या थरथरीचा दोष सामान्यतः झिजेला दिला जातो. तो सर्वस्वी खरा नसतो. थरथरीचा काही भाग एंजिनाच्या रचनेतच असतो, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली पद्मिनीही त्यातून सुटलेली नव्हती.

तिच्या १०८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनात चार सिलिंडर एका ओळीत होते. पहिला आणि चौथा दट्ट्या वर जात तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली येत. वजने सारखी असल्याने दोन्ही जोड्यांचे धक्के परस्परांना नाहीसे करतील असे प्रथमदर्शनी वाटते, आणि बहुतांशी तसे घडतेही. परंतु दट्ट्याला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा फिरताना तिरपा होतो, आणि तेथे हिशेब बिघडतो. दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर होती. दांडा उदाहरणादाखल १५० मिलिमीटर लांबीचा धरू. क्रँकशाफ्टच्या पाव फेऱ्यात वरून निघालेला दट्ट्या धावेच्या निम्मे, म्हणजे साडेसदतीस मिलिमीटर न उतरता सुमारे ४२ मिलिमीटर उतरतो; खालून निघालेला तेवढ्याच वेळात जेमतेम ३३ मिलिमीटर चढतो. म्हणून वरच्या जोडीचा धक्का खालच्या जोडीला भारी पडतो. उरलेले बल एका फेऱ्यात दोनदा, अर्थात मिनिटाला ३००० फेरे असता सेकंदाला १०० वेळा, एंजिन हलवते. वेग दुप्पट झाला की हे बल चौपट होते.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच यावर तोड काढली होती : क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भारित दंड. स्वस्त मोटारीला ही चैन परवडत नसे. तेथे रबरी बैठकांवरच भागवावे लागे. एका ओळीतील सहा सिलिंडरांत ही बले आपोआप फिटतात, मात्र एंजिन लांब आणि महाग होते. १९८३ च्या मारुती ८०० मध्ये तीनच सिलिंडर होते. तेथे वरखाली धक्का उरत नाही, पण एंजिनाची दोन टोके आळीपाळीने झुलू पाहतात.

उभ्या गाडीची मंद गतीतील थरथर मात्र निराळी. तेव्हा वरील बल क्षीण असते. एंजिन जोराने हिसके देत असेल तर एखादा सिलिंडर काम करीत नसण्याचा संभव अधिक. जुने मिस्त्री इन्सुलेशनच्या पकडीने ठिणगीच्या तारा एकेक करून काढतात. जी काढल्याने एंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, त्या सिलिंडरात बिघाड असतो.