खिडकीतले टॉवेल

सावंतवाडी,
आश्विन वद्य द्वितीया

चि. सोनूस,


परवा कोजागिरीच्या रात्री फोन केला, तर तू म्हणालीस, "मजेत आहे मामा, गडबडीत आहे, मागाहून बोलते." एवढं बोलताना दोनदा फोन बाजूला धरून खोकलीस. मी मामीला काही सांगितलं नाही. पुण्यात परतीचा पाऊस झालाय, हवा बदलली असेल, अशी मनाची समजूत घातली आणि दुधाचा पेला घेऊन पडवीत जाऊन बसलो.

काल सकाळी शेजारच्या भाऊंचा धाकटा पुण्याहून आला. तू दिलेलं खोकं त्यानं पोचतं केलं, पण तो उठेना. एक चहा झाला, दुसरा झाला, मग खाली बघत म्हणाला, "काकांनू, सोनूचो खोकलो माका काय बरो वाटणा नाय." मग एकेक बाहेर आलं. रविवारी कर्वे रस्त्यावरच्या प्रदर्शनात तो तुझ्या स्टॉलवर आला, तेव्हा मातीची भांडी करणारी तुझी मैत्रीण दोन्ही स्टॉल सांभाळत होती आणि तू मागच्या जिन्यात बसून खोकत होतीस. संध्याकाळी खोकं न्यायला तो खोलीवर आला, तर दार उघडताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घरमालकापर्यंत वास जाऊ नये म्हणून तू खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबतेस आणि रात्री अकरानंतर लाकडी करंड्यांवर रंगाचा स्प्रे मारायला बसतेस. तोंडाला ओढणी बांधतेस. आणि त्याच खोलीत, चार हातांवर, गॅसची शेगडी आहे.

सोनू, हे खरं आहे का? फोनवर विचारलं तर तू "नाही हो मामा" म्हणशील, म्हणून लिहितो आहे.

तू चिताऱ्याच्या घरातल्या आईची लेक. थिनर म्हणजे काय हे तुला कोणी शिकवायला हवं होतं का? थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, खाली बसते, सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीवरून पसरते. तू स्प्रे मारून हात धुतेस आणि तिथंच गादी टाकून झोपतेस. म्हणजे रात्रभर नाक कुठं असतं तुझं? आणि ती वाफ शेगडीपर्यंत पोचली, पहाटे चहासाठी तू लायटर ओढलास, तर? मला पुढचं लिहवत नाही. ओढणीनं वाफ अडत नाही. धुळीसाठी जो पांढरा मास्क मिळतो त्यानंही अडत नाही, त्यातून फक्त भुसा अडतो. वाफेसाठी कोळशाच्या डब्या लावलेला रबरी मास्क येतो, आणि तो लावला तरी खिडकी उघडीच लागते. लाकडाचा भुसासुद्धा साधा समजू नकोस. वर्षानुवर्षं नाकात गेला तर त्यानं कर्करोग होतो, हे मोठमोठ्या संस्थांनी मान्य केलेलं आहे. तू तर सागवान आणि शिसव खोलीतच घासतेस.

मला तुझी घाई कळत नाही असं समजू नकोस. पितृपक्षात पुण्यात चिटपाखरू स्टॉलकडे फिरकत नाही. घटस्थापनेपासून भाऊबिजेपर्यंत जेमतेम साडेचार आठवडे मिळतात आणि त्यांतच वर्षाची शिधाशिदोरी बांधायची असते. दर शनिवार-रविवार नवा हॉल, हॉलचं भाडं आगाऊ, भर उन्हात खोकी चढवायची-उतरवायची, आणि दिवसभर हसून "हो, हातानंच केलंय" सांगायचं. आमचंही निराळं नव्हतं. चतुर्थी आली की पाट-चौरंग आणि दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक आले की लाकडी फळांच्या टोपल्या आणि भातुकली. सीझन अंगावर घ्यावाच लागतो. पण तो अंगावर घ्यायचा, छातीत नाही. बँकेतली नोकरी सोडलीस तेव्हा घरात जे झालं ते मी विसरलेलो नाही. तुझे बाबा अजून ती गोष्ट सोडत नाहीत, हेही मला माहीत आहे. त्यांना दाखवून द्यायचं म्हणून तू रात्री जागत असशील, तर ते मात्र चुकतंय. आईच्या पाटल्यांचं मी विचारत नाही. ते तू आणि तुझी आई बघून घ्या. मी खोकल्याचं विचारतोय.

आता एक गोष्ट सांगतो. तुझ्या आईलाही ती अर्धीच ठाऊक आहे.

१९८१ साली मी बावीस वर्षांचा होतो. घरात लाकूड कातायचा कात बंद पडल्यासारखाच होता. प्लास्टिकची खेळणी बाजारात आली होती, आळीतल्या निम्म्या घरांनी काम सोडलं होतं. राजवाड्यात राजेसाहेब आणि राणीसाहेबांनी दहा वर्षांपूर्वीच गंजिफा आणि लाखकाम पुन्हा उभं केलं होतं, आणि माझे बाबा मला म्हणत होते, तिथं जाऊन बस, गंजिफा रंगवायला शिक. दशावतारी गंजिफाच्या एका संचात एकशे वीस पत्ते. कापडावर चिंचोक्याची खळ चढवायची, थर सुकवायचे, खडूचा लेप द्यायचा, दगडानं घोटायचं, आणि मग कुठं मत्स्य-कूर्म काढायला घ्यायचे. मला एवढा धीर नव्हता. मी मुंबईला पळालो. परळकडे गावकीच्या खोलीत वळकटी टाकली आणि एका फर्निचरच्या कारखान्यात ड्युको रंग मारायला लागलो. हातात रोख पैसे येत होते. दिवाळीच्या आधी सहा आठवडे रात्रपाळी. पत्र्याची शेड, खिडकी एक, तीही धूळ बसू नये म्हणून बंद. आम्ही सहाजण. सगळे खोकायचो आणि त्यावर हसायचो. मालकानं गूळ आणून ठेवला होता, गूळ खाल्ला की छाती मोकळी होते म्हणून. आम्ही तो गूळ खात होतो.

बाबांचं बोलावणं आलं, दिवाळीला ये. मी कार्ड टाकलं: मी मजेत आहे, काम फार आहे, दिवाळीनंतर येतो, काळजी नसावी. त्यांना वाचता येत नव्हतं, पोस्टमनच वाचून दाखवायचा. आईनं मला पुढं सांगितलं, की कार्ड वाचून झाल्यावर त्यांनी ते हातात घेतलं, नाकाशी धरलं, आणि म्हणाले, "पोर मजेत नाय. कार्डाक रंगाचो वास येता." ते कार्ड त्यांनी कोनाड्यात ठेवलं आणि रोज संध्याकाळी दिवा लावताना हातात घेऊन परत ठेवायचे. कार्तिकात ते गेले. रातराणीची एसटी पकडून मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तेव्हा अंगण सारवून झालं होतं.

ही माझी चूक चव्वेचाळीस वर्षं माझ्यापाशी आहे. सीझन सोडून आलो नाही हे दुःख आहेच. पण त्याहून मोठं हे, की मी "मजेत आहे" लिहिलं. खरं लिहिलं असतं तर ते स्वतः मुंबईला येऊन मला कानाला धरून घेऊन आले असते, आणि त्या निमित्तानं चार दिवस तरी मी त्यांच्याबरोबर असतो.

काल भाऊंचा धाकटा गेल्यावर तुझं खोकं उघडलं. वरचा कागद काढला आणि तसाच नाकाशी धरला. सोनू, मी त्यानंतर बराच वेळ काही करू शकलो नाही.

मग आतला करंडा बाहेर काढला. तो पिस्त्याच्या रंगाचा, बिनचमकीचा. रंग माझ्या डोळ्यांना फिकट वाटला, पण शहरातल्या घरांत हाच शोभत असेल, ते तुला जास्त कळतं. मी झाकण उघडलं आणि टप् असा आवाज झाला. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. पुन्हा टप्. झाकणाची ही बसण कोणी शिकवून येत नाही. खाच केसभर सैल झाली की झाकण लटपटतं, केसभर घट्ट झाली की पावसाळ्यात फुगून अडकतं. आमच्या बाबांच्या करंड्यांचा आवाज असाच होता. तू त्यांना पाहिलंही नाहीस. मामीला हाक मारून ऐकवलं. तिनं चार वेळा उघडून लावला आणि देवापुढं नेऊन ठेवला. म्हणजे हात तुझा चांगला आहे, फार चांगला आहे, म्हणूनच मी एवढा बोलतो आहे.

तीनशे करंड्यांची ऑर्डर आहे म्हणे, कुठल्याशा कंपनीच्या दिवाळी भेटीची. दिवसाला पाच-पन्नास नग उडवायचे तर स्प्रेशिवाय भागत नाही, हा तुझा हिशेब. पण लहानपणी तू पडवीत माझ्या मांडीशी बसून लाखेची कांडी धरायचीस, ते आठव. कातावर लाकूड फिरतं, कांडी नुसती टेकवायची, घर्षणाच्या उबेनं लाख विरघळते आणि लाकूड ती पिऊन घेतं. मग केवड्याचं पान दुमडून धरायचं की चेहरा दिसेल अशी चमक येते. थिनर नाही, स्पिरिट नाही. वास कसला, तर तापलेल्या केवड्याचा. पाचव्या वर्षी तू तापल्या लाखेत करंगळी घातलीस आणि दिवसभर नारळाच्या दुधात बोट बुडवून बसलीस, तो डाग अजून आहे ना? आणि आपले कात पडवीत का असायचे, आत माजघरात का नसायचे, याचा कधी विचार केलास? भुसा अंगणात उडावा म्हणून. जुन्या लोकांनी घर बांधतानाच खोकल्याची सोय केली होती. तुमच्या पुण्यातल्या तांबट आळीत जा, तिथंही तांब्यावर मठारकाम करणारे दार उघडं टाकून बसतात. अर्ध्या रस्त्यात ठोक्यांचा आवाज जातो, पण दार लावत नाहीत.

तर असं कर. शंभर करंडे कोरे, नुसते कातलेले, इकडे पाठव. आळीत तीन कात रिकामे आहेत, माणसं आहेत, मी आहे. आठवड्यात लाख चढवून देतो. तुझा पिस्ता रंगही लाखेत मिसळून बघतो, चमक नको असेल तर केवडा हलका फिरवू. मजुरीचं नंतर बघू. उरलेल्यांतले शंभर वेळेत होतील का ते बघ, आणि जे होणार नाहीत त्यांबद्दल कंपनीला आजच सांग. दिवाळीनंतर देते म्हणावं. फार तर चिडतील. आणि यापुढं खेळणी करणार असशील तर हस्तकला विभागाकडून कारागिराचं ओळखपत्र काढून घे. २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं, पण नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. माझं कार्ड आहे, कागद कसे लावायचे ते सांगीन. हे एवढ्यात नको, बरी झाल्यावर.

बरी झाल्यावर असं मी लिहिलं, बघ. म्हणजे डॉक्टरकडे जायचं आहे. उद्याच. काय काम करतेस ते त्यांना नीट सांग, थिनर सांग, भुसा सांग. धूळ म्हणून गुळगुळीत करून सांगू नकोस.

त्या तुझ्या मातीवाल्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. खरं बोलतो, शहरातल्या या प्रदर्शनवाल्यांविषयी माझं मत फारसं बरं नव्हतं. वाटायचं, एकमेकांचं गिऱ्हाईक ओढत असतील. पण भाऊंच्या धाकट्यानं सांगितलं, की ती तुझे करंडे स्वतःच्या भांड्यांइतक्याच जिव्हाळ्यानं दाखवत होती, पैसे वेगळ्या डबीत ठेवत होती, आणि मधेच उठून तुला गरम पाणी देऊन येत होती. पलीकडची विणकाम करणारी पोरगी तुझी खोकी गुंडाळत होती. आमच्या आळीत एकाच्या घरी सुतक असलं तर बाकीचे त्याची ऑर्डर पुरी करायचे. तसंच हे झालं. मग त्यांना का सांगत नाहीस? त्यांच्यापैकी कोणाकडे गच्ची असेल, शेड असेल. आपलं दुखणं सांगितलं की आपण उणे पडतो, असं आपल्या घरात सगळ्यांना वाटतं. बाबांना वाटायचं, मला वाटायचं, तुझ्या आईला वाटतं. तू तरी ते मोडून काढ.

दिवाळीला येता आलं तर ये. नाही आलीस तरी रागावणार नाही. भाताची कापणी सुरू झाली आहे, नवे पोहे कुटायला दिले आहेत. नरकचतुर्दशीला सकाळी कारीट फोडल्यावर गोड पोहे, तिखट पोहे, दुधातले पोहे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, सगळं होईल. तुझी वाटी मामी मांडतेच, तू असलीस नसलीस तरी. पोह्यांची पिशवी आणि आगळाची बाटली भाऊंच्या धाकट्याबरोबर पाठवतो आहे. केवड्याची दोन पानंही गुंडाळून दिली आहेत. वापरायला नकोत, नुसती उशाशी ठेव.

आज रात्री ते टॉवेल काढ. घरमालक काही बोलला तर माझा नंबर दे, मी बोलतो त्याच्याशी. नाहीतर महिनाभर स्प्रे बंद, एवढंच.

जेवलंस काय गो? हे विचारायचं राहिलं.

आणि उत्तर फोनवर नको. कागदावर लिहून पाठव, चार ओळी चालतील. तुझ्या खोलीतल्या टेबलावर बसून लिही. पत्र आलं की आधी वाचणार नाही, नाकाशी धरून बघणार आहे.

तुझा,
मामा