आधी काटा, मग पाटा

जुनी जीप घेतली की ओळखीतला कुणी ना कुणी विचारतोच, "किती उचलणार? दोन इंच की चार?" प्रश्नच उलटा आहे. पाटे (लीफ स्प्रिंग) वजन बघून निवडायचे असतात; उंची त्यातून जेवढी निघेल तेवढी.

माझी महिंद्रा एमएम ५४० माझ्याकडे आली ती उचललेलीच. दिसायला मोठी रुबाबदार. पण घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर खड्डा आला की मागच्या बाकांवरची माणसं छताला लागायची, आणि सायन-पनवेल महामार्गावर जरा वेग घेतला की स्टिअरिंग सैरभैर. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही टिकेनात. गोवंडीच्या गॅरेजमध्ये गाडी खड्ड्यावर घेतली तेव्हा उलगडा झाला: मागच्या पाट्यांत कुठल्याशा टेम्पोचा एक जाड पाटा घुसवलेला, आणि पुढे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी.

"एकच तर पाटा वाढवलाय" हे वाक्य गॅरेजात फार ऐकू येतं. त्यातली गोम अशी की पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ६ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा जवळजवळ अडीच पाट्यांचं काम करतो. गाडी उचलली जाते, पण रिकामी असताना पाटे दबतच नाहीत. खडकाळ वाटेवर तर आणखी पंचाईत: एक चाक दगडावर चढलं की दुसरं जमिनीला टेकायला खाली यायला हवं, ते हवेत गरगरत राहतं. ज्या ऑफ-रोडिंगसाठी सगळा खटाटोप, तेच बिघडतं.

शॅकलचा हिशेब त्याहून फसवा. दोन इंच लांब शॅकल लावली तर उंची मिळते एकच इंच. माझ्या गाडीसारखी शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर एक्सल पुढे कलतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या पिव्होटचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं.

म्हणून आधी काट्यावर जा. ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, अशी तीन वजनं घ्या. आणि ज्या अवस्थेत घाटात जाणार त्याच अवस्थेत घ्या: डिझेल भरलेलं, स्टेपनी, हत्यारं, माणसं सगळं धरून. पुढे विंच लावलेली असेल तर पुढच्या एक्सलवर विंचच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार येतो, कारण ती एक्सलच्याही पुढे लटकते. जेवढा जास्त, तेवढाच मागचा भार हलका होतो. पेट्रोल जीपचे पुढचे पाटे डिझेल गाडीला बसले तरी चालत नाहीत, कारण डिझेल इंजिन जड. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तर पुढचा डावा पाटा उजव्यापेक्षा कडक दिलेला असे. इतका बारीक विचार कारखान्याने केलेला असतो, आणि आपण तो टेम्पोच्या पाट्याने उडवून लावतो.

वजनाचा कागद घेऊनच पाटेवाल्याकडे जा. तो जुन्याच पाट्यांना ठोकून कमान मारून देईल, स्वस्तात. पण नीट तापवून, विझवून कडक करून, पुन्हा बेताने तापवल्याशिवाय अशी कमान टिकत नाही. थोड्याच दिवसांत पाटे पुन्हा सपाट होतात. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कधीच नको. नवा संच करून घेताना जाड पाटे कमी घेण्यापेक्षा पातळ पाटे जास्त घ्या; भार तेवढाच पेलतात आणि दबतातही. पॅराबोलिक पाटे आणखी मऊ चालतात, पण त्यांत पाट्यावर पाटा घासणं जवळपास नसल्याने झोके थांबवायचं सगळं काम शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर येतं. तिथे काटकसर करू नका.

आणि चार इंचांचा मोह आवरा. पाटे बदलून डिफरन्शियल जमिनीपासून एक सूतही वर जात नाही. ते वर जातं मोठ्या टायरांनी, आणि पाटे फक्त त्या टायरांना जागा करून देतात. माझ्या वापराला दीड-दोन इंच पुरले. त्यापुढे ब्रेकचा होस ताणला जातो, शाफ्टचा कोन तिरपा होतो, शॉकअ‍ॅब्सॉर्बर लांब लागतात. एकेक करत अर्धी गाडी बदलावी लागते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे फेरफार चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडीची तपासणी करून घ्यावीच लागते. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या, आणि काढलेले मूळ पाटे भंगारात घालू नका.

बसवताना पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या; एकदा ताणलेले पुन्हा नीट पकडत नाहीत. रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावर, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेतच राहून लवकर फाटतात. दोन-तीनशे किलोमीटर चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. मिस्त्री विसरतो, त्यामुळे पाना स्वतःच्याच गाडीत ठेवा.